मधल्या फळीतला गडी

खेळाच्या तासाला फुटबॉल निघाला की सगळ्यांना पुढेच खेळायचे असते. मध्ये कोण? तर जो उरला तो. बहुतेक वेळा मीच! मधली जागा म्हणजे उरलेल्याची, हे मला पटत नाही.

गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स धेंपो क्लबकडून आणि भारताकडून मधल्या फळीत खेळले. या गड्याने मागे धावून बचावाला मदत करायची, चेंडू हिसकायचा, मान वर करून मोकळा भिडू शोधायचा नि त्याला पास द्यायचा. दम याचा निघतो, नाव मात्र गोल करणाऱ्याचे. (आपणही फळ्यावर तेवढेच लिहितो.)

२००८ साली हैदराबादला एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानशी सामना होता. संपत आला तरी गोल नाही. तेव्हा लॉरेन्स यांनीच गोल मारला! पुढे भारताने ती स्पर्धा जिंकली आणि १९८४ नंतर थेट २०११ साली आपण आशिया चषकात खेळलो.

परिपाठात गोल करणाऱ्यासाठी टाळ्या वाजतात, तेव्हा पास देणाऱ्याचेही नाव घ्यावे, असे माझे मत आहे. शनिवारी कांद्याच्या चाळीमागच्या पटांगणात सहावीशी सामना आहे. मी मध्येच खेळणार, आणि या वेळी स्वतः मागून घेऊन.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी