मोळीविक्याचा कुटुंबधर्म

वागण्यात सरळ परंतु बोलण्यात फटकळ असा एखादा पुरुष बहुतेक प्रत्येक एकत्र कुटुंबात असतो. त्याच्या कष्टांवर घर चालते आणि त्याच्या जिभेमुळे घर कुरकुरते. अशा माणसाशी घरच्यांनी व स्नेह्यांनी कसे वागावे, हा प्रश्न जुनाच आहे. आणि त्यावर विचार करण्याजोगी एक कथा आम्हांस संतचरित्रांत आढळते.

आमच्या सेनगावाजवळ कयाधूच्या काठी नरसी हे गाव आहे. इ. स. १२७० मध्ये नामदेवांचा जन्म येथे झाला, अशी परंपरा आहे. पुढे त्यांचे बिऱ्हाड पंढरपुरी होते, आणि तेथेच राका कुंभार राहत असे. महिपतीबोवांनी भक्तविजयात (इ. स. १७६२) सांगितल्याप्रमाणे, पेटलेल्या आव्यात राहून गेलेली मांजरीची पिले देवकृपेने वाचली, तेव्हा राक्याने घरदार सोडले आणि रानातील वाळकी लाकडे वेचून त्यांवर निर्वाह आरंभिला. त्याचा नियम एकच होता. आपोआप पडलेले लाकूड घ्यावे. एकत्र रचलेले दिसल्यास ते परक्याचे समजून त्यास शिवू नये. इतक्या कडक नेमाचा मनुष्य शेजाऱ्यापाजाऱ्यांस तुसडाच वाटावयाचा!

एकदा चंद्रभागेवर धुणे धूत असता त्याच्या व नामदेवांच्या मुलींची बोलाचाली झाली. राक्याच्या मुलीने नामदेवांच्या भक्तीतच उणे काढले. बापाचा करडेपणा लेकीच्या जिभेवर उतरला होता, असे म्हणावयास हरकत नाही. इकडे नामदेवांचे घर भरलेले: वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, चार मुलगे, शिवाय जनाबाई. मुलीचे गाऱ्हाणे घेऊन सर्वांनी राक्याशी वैर धरले असते, तर नवल नव्हते. परंतु नामदेव भांडावयास गेले नाहीत. राका आहे तरी कसा, हे विठ्ठलासह रानात पाहावयास गेले.

तेथे वाटेत सोन्याचे कंकण पडलेले होते. मागून येणाऱ्या पत्नीस मोह पडेल, या शंकेने राक्याने त्यावर माती लोटली. तिला ते कळले, तेव्हा मातीवर माती कशास लोटावी, असा तिने उलट प्रश्न केला.

वाचकहो, या कथेत राक्याचे वैराग्य सर्वांस दिसते; आम्हांस त्याची ती शंका अधिक बोधप्रद वाटते. करड्या माणसाचा खरा दोष त्याच्या कठोर शब्दांत नसतो. नेम काय तो मीच पाळतो, घरच्यांचे मन कच्चे, या समजुतीत असतो. रात्रंदिन त्याच मोळ्या वाहणारी स्त्री त्याच्या पुढे गेली होती, आणि त्यास पत्ता नव्हता!

म्हणून कर्त्या पुरुषाने आपला नेम खुशाल पाळावा; परंतु घरच्यांवर पहारा ठेवण्यापूर्वी त्यांस एकवार विचारून पाहावे. गृहिणीनेही मनातील शहाणपण मनातच न ठेवता, प्रसंगी त्या माउलीप्रमाणे स्पष्ट बोलावे. आणि मुले स्नेह्यांच्या घरून रुसून आली, तर वडीलधाऱ्यांनी त्यांचा पक्ष घेऊन उठण्याआधी त्या स्नेह्याचे घर नामदेवांच्या दृष्टीने पाहून यावे. पुष्कळ वैरे उंबरठ्यावरच मावळतील.