पस्तिशीच्या आत शहाणे व्हा!

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या सीमाभागातल्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. गुणवंतांचे फोटो, त्याखाली मंडळाचे नाव आणि शुभेच्छुकांची लांबलचक रांग. मुलगा मेडिकलला लागला की पेढे, इंजिनिअरिंगला लागला की बर्फी, बंगळूर-पुण्याला नोकरीला लागला की आई-बापांच्या अंगावर मूठभर मांस चढते. यात वावगे काहीच नाही. मी मुख्याध्यापक आहे. ते फलक पाहून मलाही बरे वाटते. पण त्याच शाळेतून गेलेला एखादा विज्ञानाच्या वाटेने फार लांब गेला, एम.एस्सी. झाला, पीएच.डी. झाला आणि त्यानंतरही प्रयोगशाळेतच राहिला, तर त्याच्यासाठी ना फलक ना पेढे. उलट लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला मामा विचारतो, "काय रे, अजून शिकतोयसच?"

मामाला मी दोष देणार नाही. त्याला कोणी सांगितलेले नाही. पण हाच प्रश्न आपले सरकारही विचारते, फक्त ते छापील अर्जात विचारते : जन्मतारीख लिहा. माझे भांडण आहे ते या अर्जाशी.

आधी गोष्ट समजून घेऊ. पीएच.डी. म्हणजे शिक्षणाचे टोक अशी आपली समजूत. विज्ञानात ती फक्त ओसरी आहे. गवंड्याच्या हाताखाली विटा लावायला शिकलेला पोरगा दुसऱ्या दिवशी ठेकेदार होत नाही. चार ठिकाणची बांधकामे बघतो, चुकतो, हात बसतो, मग स्वतःच्या हिमतीवर घर उभे करतो. पीएच.डी.नंतरची चार-पाच वर्षे म्हणजे हा हात बसण्याचा काळ. या काळात संशोधक दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राहून स्वतःचा प्रश्न शोधतो. त्याला जे पैसे मिळतात त्यांना पगार म्हणत नाहीत, फेलोशिप म्हणतात. पगार नाही म्हणून वेतनवाढ नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि मुदत संपली की दुसऱ्या दिवशी काय, याचे उत्तरही नाही.

आकडे सांगतो. २०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने हे दर वाढवले. पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला ३१ हजारांचे ३७ हजार झाले, पीएच.डी. झालेल्या रिसर्च असोशिएटला अनुभवाप्रमाणे ५८, ६१ किंवा ६७ हजार आणि वर घरभाडे. त्याआधीची २०१९ ची वाढ तर संशोधकांनी रस्त्यावर उतरल्यावर पदरात पडली होती. आता विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबणारा माझा एखादा सहकारी म्हणेल, "सर, ५८ हजार म्हणजे काय थोडे झाले?" त्याचे म्हणणे मला कळते. पण अडचण आकड्याची नाही, तारखेची आहे. आमच्याच शाळेतून गेलेली एक मुलगी मेंदूविज्ञानात संशोधन करते. तिची फेलोशिप एकदा सात महिने आली नाही. संस्था म्हणे दिल्लीला विचारा, दिल्ली म्हणे संस्थेने हिशेबाचा कागद पाठवला नाही. संस्थेचे नाव मी घेत नाही. त्या सात महिन्यांचे खोलीभाडे वडिलांच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यातून गेले. ज्याच्या घरी गल्लाही नाही त्याने काय करायचे? तो संशोधन सोडतो. म्हणजे देशातले पुढचे शास्त्रज्ञ कोण, हे बुद्धी ठरवत नाही. बापाची सात महिने थांबण्याची ऐपत ठरवते.

दुसरी गोष्ट वयाची. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप ही आपल्याकडची या टप्प्यावरची मोठी योजना. तिची मुदत दोन वर्षांची आणि वयाची अट पस्तीस. स्त्रियांना व मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत आहे, हे मान्य. पण सवलत दिल्याने चुकीचे तत्त्व बरोबर होत नाही. बोटे मोजून पाहा. एकविसाव्या वर्षी बी.एस्सी., तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., पाच-सहा वर्षे पीएच.डी.; काहीही न अडखळता आलेला मुलगा अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी मोकळा होतो. पण आमच्याकडची मुले न अडखळता येत नाहीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावीत एकदम इंग्रजीत बुडतो आणि वर यायला वर्ष-दीड वर्ष घेतो. कोणी मध्ये दोन वर्षे नोकरी करून बहिणीचे लग्न उरकतो. एखादा डॉक्टर एम.बी.बी.एस., एम.डी., मग मेंदूविकारांचे डी.एम. करून बाहेर पडतो तोवर तिशी मागे पडलेली असते. त्याला वाटले की रुग्ण तपासता तपासता पडलेला एक प्रश्न धसास लावावा, तर अर्ज म्हणतो, उशीर झाला! पस्तिशीच्या आत शहाणे व्हा, नाहीतर गप्प बसा.

इतरत्र काय चालते? युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपमध्ये वय विचारत नाहीत, पीएच.डी. होऊन किती वर्षे झाली ते मोजतात आणि आठ वर्षांपर्यंत मुभा देतात. अमेरिकेच्या एन.आय.एच.ची एक योजना आहे, पहिली दोन वर्षे मार्गदर्शकाकडे आणि पुढची तीन वर्षे स्वतःच्या प्रयोगशाळेत. ही पुढची तीन वर्षे विद्यापीठाने जागा दिली की सुरू होतात. म्हणजे फेलोशिप आणि नोकरी यांची गाठ घालून दिलेली आहे. आणि हे परदेशीच जमते असेही नाही. आपला जैवतंत्रज्ञान विभाग आणि इंग्लंडचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ पासून चालवलेल्या फेलोशिपला वयाची अट नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने तिचा तिसरा टप्पाही मंजूर केला. मग एका खात्याला जे कळते ते शेजारच्या खात्याला का कळू नये?

मेंदूच्या अभ्यासात तर ही घाई विशेष घातक आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटाएवढ्या फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेशी अवघ्या १ लाख ३९ हजारांच्या आसपास, पण त्यांच्यातले जोड पाच कोटींवर. एवढ्याशा माशीसाठी कितीतरी देशांतली माणसे कित्येक वर्षे खपली. उंदराला एखादे काम शिकवून त्याच्या पेशींची नोंद घ्यायची तर महिने जातात. म्हाताऱ्या माणसाची स्मृती कशी ओसरते ते पाहायचे तर वर्षे जातात. दोन वर्षांच्या फेलोशिपमधले पहिले सहा महिने परवानग्या आणि उपकरणे यांत जातात, शेवटचे सहा महिने पुढचे अर्ज लिहिण्यात. मध्ये उरते एक वर्ष. एका वर्षात ऊससुद्धा धड येत नाही, मेंदूचे कोडे कुठून सुटणार?

कोणी म्हणेल, "मास्तर, आपल्या घराचा याच्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो थेट आपल्या माजघराशी आहे. २०१३ साली हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. निरक्षरांतही हा फरक आढळला. म्हणजे तो केवळ शाळेचा परिणाम नव्हता. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांनी याला दुजोरा दिलेला नाही; वाद अजून चालू आहे. पण वाचकहो, वाद कोणाविषयी आहे पाहा. घरात मराठी, बाजारात कन्नड. घरात मराठी, शेजारी तेलुगू. घरात मराठी, कचेरीत गुजराती किंवा हिंदी. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद इथल्या आपल्या आज्या आयुष्यभर हेच करत आल्या. ज्या प्रश्नाभोवती जगभरचे शास्त्रज्ञ फिरताहेत त्याचे उत्तर आपल्या ओट्यावर पान लावत बसले आहे!

ते उत्तर कोण काढणार? आजीच्या स्मृतीची चाचणी इंग्रजीतून घेता येत नाही आणि नुसते भाषांतर करूनही भागत नाही. तिने वस्तूचे नाव कन्नडमध्ये सांगितले तर ते चूक धरायचे की बरोबर? मराठीत बोलता बोलता ती मध्येच दुसऱ्या भाषेत शिरली तर तो विकार समजायचा की रोजची सवय? हे ज्याला कळते तो मुलगा किंवा मुलगी आपल्याच गल्लीतली असणार. देशातल्या साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठी काम करू शकेल अशा पोराला आपण बत्तिसाव्या वर्षी सांगतो, आता कोचिंग क्लास काढ.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "ही मुले शेवटी परदेशीच जातात, त्यांच्यावर पैसा का घालवा?" अहो, जातात कारण इथे थांबायला ओटा नाही. शिवाय आपल्या धोरणाची गंमत पाहा. परदेशात काही वर्षे काढून परत येणाऱ्यासाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, पाच वर्षांची. चांगली योजना आहे, माझा तिला विरोध नाही. पण जो आई-वडिलांच्या आजारपणामुळे इथेच राहिला त्याला अशा खास पायघड्या नाहीत. परदेशाचा शिक्का मारून आलेला तो हुशार आणि घरी राहिलेला तो उरलेला, असा हा हिशेब. आणि परदेशाची वाटही आता पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला. ज्या दारावर आपण भिस्त ठेवली ते कोणत्याही दिवशी लोटले जाऊ शकते.

दुसरा आक्षेप जास्त गोड आहे. "खरी प्रतिभा असेल तर ती अडत नाही. काहालला कोणी फेलोशिप दिली होती?" खरे आहे. आधुनिक मेंदूविज्ञानाचा पाया घालणारा स्पेनचा रामोन इ काहाल याने १८८८ मध्ये स्वतःच्या पैशाने नियतकालिक छापले आणि १८८९ मध्ये स्वखर्चाने बर्लिनला जाऊन जर्मन पंडितांना आपल्या काचपट्ट्या दाखवल्या. १९०६ चे नोबेल त्याला मिळाले. पण आक्षेप घेणारे इथेच थांबतात, गोष्ट थांबत नाही. १९०७ मध्ये स्पेनने तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन परदेशी शिकायला पाठवणारे एक मंडळ स्थापले आणि त्याचा अध्यक्ष झाला हाच काहाल. ज्याने स्वतः खस्ता खाल्ल्या त्याने पुढच्यांना "तुम्हीही खा" असे सांगितले नाही. आपल्याकडे खस्ता खाल्लेली माणसे खुर्चीवर बसली की खस्तांचेच कौतुक करू लागतात.

आडगावाची सबबही नको. नॉर्वेतले मोझर दांपत्य पीएच.डी.नंतर लंडनला जॉन ओकीफ यांच्याकडे काही काळ शिकले आणि १९९६ मध्ये ट्रॉनहाइम या उत्तरेकडच्या शहरात नोकरीला लागले. तिथे त्यांनी प्रयोगशाळा उभी केली, मेंदूतला नकाशा दाखवणाऱ्या पेशी शोधल्या आणि २०१४ मध्ये ओकीफ यांच्यासह नोबेल घेतले. त्यांना थोडे शिक्षण आणि मग बसायला हक्काची जागा मिळाली. आपल्याकडे शिक्षण मिळते, जागा मिळत नाही.

तेव्हा मागणे साधे आहे. फेलोशिप महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडावी, जशी ती देणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार पडतो. वय जन्मापासून नव्हे, पीएच.डी.पासून मोजावे. मुदत निदान चार-पाच वर्षांची असावी आणि चांगले काम करणाऱ्याला शेवटी जागेची हमी असावी. देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. त्यात हे बसत नाही असे म्हणणाऱ्याने ०.६४ हा आकडा आधी मोठ्याने वाचावा.

आणि थोडे आपल्यालाही. आपल्या गावोगावच्या शिक्षण मंडळांचे, ज्ञातिसंस्थांचे, पतपेढ्यांचे विद्यार्थी निधी आहेत. ते बारावीनंतर उघडतात आणि पदवीला बंद होतात. त्यातलाच एक हिस्सा अडकलेल्या फेलोशिपपोटी बिनव्याजी उचल म्हणून ठेवावा; पैसे आले की मुलगा परत करील. दिल्लीचा कागद हलेपर्यंत एका पोराची खोली सुटू नये एवढे तरी गाव करू शकते. आणि पुढच्या लग्नात पंगतीला तो भाचा शेजारी बसला तर "अजून शिकतोयसच?" असे विचारू नका. "फेलोशिप वेळेवर येते का रे?" असे विचारा. हा प्रश्न निदान योग्य माणसाच्या दारात जाऊन पोहोचेल.