बेगमपुऱ्यात केर कोण काढतो?

कशेडी घाटाच्या दोन्ही अंगांच्या वाड्यावस्त्यांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी सफाई खात्यात. मागे राहिलेल्यांना वाटे, तिकडे सगळे सुखच असणार. अशा सुखाच्या नगऱ्या पुस्तकांतही भेटतात. त्यांची वर्णने वाचताना आम्हांस एकच प्रश्न पडतो : तिथे केर कोण काढतो?

इंग्लंडच्या थॉमस मोरने १५१६ साली 'युटोपिया' लिहिले. तिथे खासगी मालमत्ता नाही, काम दिवसाला सहा तास, शेती प्रत्येकाने शिकायची. वाचून बरे वाटते. पण पुढे कळते की, जनावरे कापणे आणि घाणीची, कष्टाची कामे गुलामांकडे आहेत. त्यांच्या बेड्या मात्र सोन्याच्या! बेडी सोन्याची झाली म्हणून गुलामी सुटली काय?

बंधू-भगिनींनो, हे चित्र आपल्याला परके नाही. गावगाडा कसा सुरळीत चालतो, असे कौतुक होई. कारण मेलेली ढोरे ओढणारा गावकुसाबाहेर राहत होता. आपल्या महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हेही त्याच परिषदेत बजावून सांगितले. पुढे १९३६ साली जातिनिर्मूलनावरील पुस्तकात त्यांनी दाखवून दिले की, जात ही नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग पाडले होते, तेही त्यांनी तिथेच खोडून काढले.

काहींनी निराळी वाट दाखवली. अमेरिकेच्या एडवर्ड बेलामीच्या १८८८ च्या कादंबरीत सर्वांना सारखा वाटा मिळतो आणि जे काम अधिक जिकिरीचे, त्याचे तास कमी असतात. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट लिहिली. तिच्यात पुरुष घरात बसून मुले सांभाळतात, रांधतात. वाचून पुरुषांना हसू येईल. रोज चूल फुंकणाऱ्या माउलीला मात्र त्यातले मर्म कळेल.

संत रविदासांनी बेगमपुरा पाहिला. तिथे कर नाही, भय नाही, दुय्यम-तिय्यम माणूस नाही. ते सांगताना त्यांनी आपला चामड्याचा धंदा लपवला नाही. बाबासाहेबांनी १९४८ चे 'द अनटचेबल्स' हे पुस्तक ज्या तीन संतांना अर्पण केले, त्यांत रविदास आहेत. कष्टकऱ्याने पाहिलेले स्वप्न आणि धन्याने पाहिलेले स्वप्न यांत हाच फरक असतो.

आता आपल्याकडे पाहू. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसे मरतातच. हा दोष सरकारचा आहे आणि तो आपण मांडलाच पाहिजे. पण घरचे काय? मुलगा अभ्यासाला आणि मुलगी झाडूला, असे आपल्याकडे होत नाही ना? बुद्धपौर्णिमेला विहारात भोजन झाल्यावर भाषणे करणारे घरी जातात. भांडी कोण घासतो?

समतेची नगरी दूर नाही. येत्या पौर्णिमेला अध्यक्षांनी पहिले पातेले घासायला घ्यावे, मुलांनी झाडू घ्यावा आणि मुलींना पुस्तक घेऊन पुढे बसू द्यावे. सुरुवात एवढ्यानेही होते.