आम्ही मॅच कुठून पाहिली?

परवा एका कार्यकर्त्या मैत्रिणीशी वाद झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्यावर आपल्या अंकात काही यावं असं मी म्हणत होते. ती म्हणाली, ''क्रिकेट हा पैशाचा खेळ. पाणी, रेशन, मारहाण हे सगळं सोडून आपण त्यात कशाला पडायचं?'' तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण क्रिकेटच्या मोठ्या दिवसांच्या माझ्या आठवणी काढून पाहिल्या, तर त्यांत खेळ थोडा आणि बाईपणच जास्त निघालं. म्हणून लिहिते आहे.

पहिली आठवण २३ मार्च २००३ ची. मी दहा वर्षांची. पाटोद्यात चुलत्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता. बैठकीत पुरुष आणि पोरं, दारात चपलांचा ढीग, बायका आत चुलीपाशी. ऑस्ट्रेलियाने ३५९ धावा केल्या होत्या. आपली बॅटिंग सुरू झाली आणि मला चहाचा ट्रे देऊन बाहेर पाठवलं. पहिलंच षटक, मॅकग्राचा चेंडू, सचिन चार धावांवर आउट. मी ट्रे धरून उभी. कुणीतरी म्हणालं, ''हिच्या पायगुणानं गेला.'' सगळे हसले. थट्टाच होती ती. पण त्यानंतर मॅच असली की मला बैठकीत पाय टाकू देत नसत. आईही म्हणायची, ''नको जाऊ गं, उगं तुझ्यावर नाव येईल.'' चेंडू पडला जोहान्सबर्गला, दोष पाटोद्याच्या पोरीला! नवी सून आल्यावर म्हैस आटली तर बोट कुणाकडे जातं, हे आपण गटागटांतून बोलतो. मला ते दहाव्या वर्षीच कळलं.

२ एप्रिल २०११. धोनीचा तो षटकार सगळ्यांनी पाहिला. आम्ही मुलींच्या वसतिगृहात रेक्टरबाईंच्या खोलीच्या दारातून, एकमेकींच्या खांद्यांवरून पाहिला. फाटक संध्याकाळी सातला बंद. बाहेर शहरभर पोरं मोटारसायकलींवर रात्रभर नाचत होती. आम्ही गच्चीवर जाऊन ताटं वाजवली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: मुलींनी गच्चीवर जाऊ नये. पोरांसाठी कुठली सूचना लागल्याचं ऐकलं नाही.

२०१७ साली एमएसडब्ल्यू करताना चौघींनी एका मोबाइलवर लॉर्ड्सची फायनल पाहिली. मुंबईच्या पूनम राऊतने ८६ काढल्या, ३ बाद १९१ अशी धावसंख्या होती आणि तिथून सगळा संघ २१९ वर आटोपला. नऊ धावांनी हरलो. मी रडले, आणि मग लाजही वाटली. आपल्या बायका २००५ मध्येही फायनल खेळल्या होत्या, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. १९७३ साली पुण्यात बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तेव्हा संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. क्रिकेट मंडळाने बायकांचा खेळ आपल्याकडे घेतला तो थेट २००६ मध्ये. २०१३ चा महिला विश्वचषक मुंबईत होता, तर पुरुषांच्या रणजी फायनलसाठी बायकांचे सामने वानखेडेवरून हलवले गेले. विश्वचषक हलतो, रणजी हलत नाही! सामन्याचं मानधन बरोबरीचं झालं २०२२ मध्ये.

आता गेल्या वेळचं. ३० ऑक्टोबर २०२५ ला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना तालुक्यातल्या एका वस्तीवर पाहिला. गटाची बैठक उचलीच्या हिशेबाची होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलेलं, त्यामुळे कोयते लवकर निघणार होते. बैठक संपली आणि माझ्या मोबाइलभोवती सातआठ जणी बसल्या. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. ३३९ धावांचं आव्हान पुरं झालं तेव्हा एक आजी म्हणाल्या, ''ती रडतीय का बरं? जिंकलीय ना?'' त्यावर बायका किती वेळ बोलल्या! जिंकल्यावर रडू का येतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या घोळक्यात आठवीतली एक पोर होती. भावाच्या टेपच्या चेंडूने छान गोलंदाजी करते. तीन दिवसांनी नवी मुंबईत फायनल झाली, तेव्हा ती ट्रॅक्टरमध्ये होती, आईबाप आणि धाकट्या भावासोबत. हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण वयात आलेली पोर मागे ठेवायला आईचं मन धजत नाही. शिवाय कोपीवर लेकरू सांभाळायला, भाकरी टाकायला कुणीतरी हवंच. चार दिवसांनी फडावरून आईचा फोन आला. मध्येच पोरीने तो घेतला. ''ताई, शेफाली तर संघात नव्हती, मग खेळली कशी?'' प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावलं, असं मी सांगितलं. ८७ धावा केल्या, दोन बळीही घेतले. ''आणि शेवटचा कॅच?'' हरमनप्रीतने मागे धावत घेतला, तोही सांगितला. मग आईने फोन ओढला.

मैत्रिणींनो, आपण बैठकीत कर्ज विचारतो, आजार विचारतो, नवरा मारतो का विचारतो. विसाव्याचं कधी विचारत नाही. मी एकदा विचारलं, ''शेवटचं कधी खेळलात?'' बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, ''पंचमीला. लग्नाआधी.'' हा प्रश्न पाण्या-रेशनपेक्षा लहान आहे असं मला वाटत नाही. पाणी आणणारी, रेशनच्या रांगेत उभी राहणारी तीच बाई बसून एखादी गोष्ट पुरती पाहू शकत नाही. चहा टाकता टाकता आतून फक्त आरडाओरडा ऐकते. तो वेळ कुणी घेतला, हेही आपण विचारायला हवं.

आणि मैदान. शाळेचं मैदान सगळ्यांचं म्हणतात. प्रत्यक्षात कुठल्यातरी पुढाऱ्याच्या नावाच्या चषकाचा मांडव आणि भोंगा तिथे असतो, आणि पोरी कडेकडेने घरी जातात. संध्याकाळी पाच ते सहा मैदान मुलींना राखून द्या, असा अर्ज आम्ही एका ग्रामपंचायतीत दिला. तोंडी उत्तर मिळालं, ''पोरी कुठं मागतायत? तुम्हीच मागताय.'' आता पुढच्या ग्रामसभेत पोरींनाच घेऊन जायचं ठरवलं आहे. अडचण एवढीच की, निम्म्या पोरी पाडव्याच्या सुमारास फडावरून परततात, आणि चषकांचा मांडव त्याच सुमारास पडतो. तेव्हा ठराव त्याआधी करून घ्यावा लागेल. ज्या गावांत अशी वेळ मिळवली असेल, त्या मैत्रिणींनी अर्जाची नक्कल जरूर पाठवावी.