आमच्या वाट्याला शुक्रवारच का?

आमच्या चर्चमध्ये बायकांना क्रूस शिकवला जातो, पुनरुत्थान शिकवलं जात नाही. ख्रिस्ती घरात वाढलेली, आजही दर रविवारी मिस्सेला जाणारी आणि संघटनेच्या सल्ला केंद्रात बसणारी बाई म्हणून मी हे लिहिते आहे. हा ख्रिस्ती लोकांचा घरगुती मामला आहे असं ज्या मैत्रिणींना वाटेल त्यांनी आपापल्या घरातले पतिव्रतेचे धडे आठवावेत. पुस्तक वेगळं, मास्तर तोच.

केंद्रात एक बाई आली होती. नवऱ्याने मनगट मोडलेलं. पोलिसांकडे जाण्याआधी ती फादरांकडे गेली होती. त्यांनी सांगितलं, प्रभूने क्रूस वाहिला, तूही वाहा, वर तुला मुकुट मिळेल. म्हणजे मार इथे आणि मुकुट तिथे! याला ते आशा म्हणतात. गंमत अशी की याच चर्चच्या १९८३ च्या धर्मविधीसंहितेत ११५३ वं कलम आहे. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते कलम मोकळीक देतं. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक असतं हे मान्य केलं. हे फादरांना ठाऊक नसतं असं नाही. बाईला सांगितलं जात नाही, एवढंच.

सरकारी कायदाही याच शाळेतला होता. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र बहुतेक वेळा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसती क्रूरता घटस्फोटाला पुरत नसे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये हा अन्याय मोडला. संसदेला दुरुस्ती करायला २००१ उजाडलं. एकशे बत्तीस वर्षं ख्रिस्ती बाईने क्रूस वाहिला, तो कायद्याच्या शिक्क्यानिशी.

आता पुनरुत्थानाकडे येते. चारही शुभवर्तमानांत एका गोष्टीवर एकमत आहे. रविवारी पहाटे कबरीकडे गेल्या त्या बायका, आणि मग्दालिया मरियेचं नाव चौघांनीही दिलं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू आधी तिला भेटतो, नावाने हाक मारतो आणि निरोप देऊन भावांकडे पाठवतो. लूक सांगतो, बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या कुठल्याही बाईला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पुढे पौल करिंथकरांना पत्र लिहितो. त्यात प्रभू कोणाकोणाला दिसला याची यादी आहे: केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, शेवटी स्वतः पौल. मरियेचं नाव नाही. यादी करणाऱ्यांची ही खोड फार जुनी आहे.

नंतर तर तिच्या चारित्र्यावरच घाला आला. पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१ मध्ये एका प्रवचनात तिला लूकमधल्या बिननावाच्या पापी बाईशी एक करून टाकलं. निरोप घेऊन जाणारी बाई चित्रांतून रडणारी वेश्या झाली. ती सरमिसळ रोमने सोडली १९६९ मध्ये. २०१६ मध्ये तिचा २२ जुलैचा स्मरणदिन सणाच्या दर्जाला आला आणि ‘प्रेषितांची प्रेषित’ हा तिचा जुना किताब पुन्हा वापरात आला. आनंद आहे. पण इस्टरच्या रविवारी दिवसाच्या मिस्सेला नेमलेलं वाचन पाहा. योहानाचा विसावा अध्याय, पहिल्या वचनापासून नवव्यापर्यंत. मरिया धावत येऊन सांगते, पेत्र आणि दुसरा शिष्य धावतात, रिकामी कबर पाहतात, वाचन संपलं. मरियेला प्रभू भेटतो ते पुढे, अकराव्या वचनापासून. ते वाचलं जातं मंगळवारी, जेव्हा बाकावर चार म्हाताऱ्या असतात.

याच्या शेजारी गुड फ्रायडेची क्रुसाची वाट ठेवून बघा. चौदा ठिकाणं, शेवटचं कबरीत ठेवण्याचं. सहाव्या ठिकाणी वेरोनिका येशूचं तोंड पुसते. ही वेरोनिका चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. तोंड पुसणारी बाई लिहिलेली नसूनही हवीशी वाटली. बोलणारी बाई लिहिलेली असूनही मंगळवारवर ढकलली गेली.

काही मैत्रिणी विचारतात, मग सोडून का देत नाहीस हा धर्म? केंद्रात येणाऱ्या बाईच्या पर्समध्ये जपमाळ असते, म्हणून. तिच्याकडचा ‘आशा’ हा शब्द मी टाकून दिला तर तो फादरांच्याच ताब्यात राहील. आणि मला स्वतःला त्यात काही सापडलेलं आहे. उठलेल्या येशूच्या अंगावर जखमा तशाच आहेत. थोमाला तो त्या दाखवतो. झालं गेलं विसर, असं तिथे कोणी म्हणत नाही. ज्या देहाला राज्यकर्त्यांनी गुन्हेगार ठरवून मारलं तोच देह देवाने उठवला, म्हणजे ती शिक्षा देवाने मान्य केली नाही. मग मनगट मोडणाऱ्याच्या बाजूने देव उभा आहे हे कुठल्या तोंडाने सांगता?

मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवट असा आहे की बायका भ्यायल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. मला हा शेवट खरा वाटतो. आमच्याकडेही बाई पहिल्या दिवशी बोलत नाही. पण गोष्ट आपल्यापर्यंत आली, त्याअर्थी कधीतरी कोणीतरी तोंड उघडलं.

पंडिता रमाबाईंनी मुक्ती परलोकासाठी राखून ठेवली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा केडगावला आणल्या. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल स्वतः मराठीत आणलं. ते छापून झालं १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टरांशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. श्रद्धा म्हणजे मान खाली घालणं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

तेव्हा वसईपासून नगरपर्यंतच्या माझ्या ख्रिस्ती बहिणींना एक काम सुचवते. पुढच्या इस्टरआधी पाचसहा जणींनी मिळून फादरांना भेटा. ११५३ वं कलम मराठीत लिहून चर्चच्या फळ्यावर लावायला सांगा. आणि रविवारी योहानाचा विसावा अध्याय अठराव्या वचनापर्यंत वाचायला सांगा. नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वाचता येत नाही असं ते म्हणाले, तर मिस्सेनंतर दारात उभ्या राहून तुम्ही वाचा. दोन मिनिटं लागतात.