पहिलीचं इंग्रजी : आधी रोप, मग लागवड

जून लागला की पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याला दोन घोर एकदम लागतात. एक पेरणीचा, दुसरा पोराच्या शाळेचा. सकाळी वाड्या-वस्त्यांवरून शाळेच्या गाड्या सुपा, निघोज, टाकळी ढोकेश्वरच्या रस्त्याला लागतात आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट तेवढा उतरतो. कारण विचारलं तर उत्तर एकच : "पोराला इंग्रजी आलं पाहिजे."

हे म्हणणं चूक नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेलं, बँकेचे कागद हाती आले किंवा फवारणीच्या औषधातला घटक पाहायचा झाला, तरी इंग्रजी आडवं येतंच. पण इंग्रजी शिकणं आणि सगळंच इंग्रजीतून शिकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपली गल्लत होते ती इथं.

पहिलं हे, की इंग्रजी गावच्या शाळेतही आहे. पूर्वी ते पाचवीपासून असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सन २००० पासून, ते मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे त्या वेळी पहिलीत बसलेली पोरं आज स्वतः पालक आहेत. पुढं बऱ्याच शाळांनी सेमी इंग्रजीही घेतलं.

मग पीक का येत नाही? 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी २४.५ टक्केच निघाली. २०१६ साली हा आकडा २४.७ होता. सहा वर्षांत हललाच नाही. पुस्तक लवकर हातात दिलं म्हणून भाषा लवकर येत नाही, एवढं यावरून उघड आहे.

सन २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावर राज्यभर रान उठलं. १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले. तिसऱ्या भाषेवर एवढं बोललो. पण पंचवीस वर्षं शिकवत असलेल्या दुसऱ्या भाषेचा हिशेब फारसा मांडला गेला नाही.

उन्हाळी कांद्याचं रोप सात-आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आपण लागवड करतो का? कवळं रोप वाफ्यात घातलं तर मर लागते. भाषेचंही तसंच. सहा वर्षांचं पोर घरून मराठी घेऊन येतं. अक्षर आणि अर्थ यांची गाठ त्याला आधी कळत्या भाषेत बसते. ती पक्की झाली की दुसरी लिपी सोपी जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय ते याचसाठी.

तोवर इंग्रजी बंद ठेवायचं असं नाही. ते कानानं आणि तोंडानं सुरू करावं. ऊठ, बस, दार उघड अशा सूचना, गाणी, रोजच्या वस्तूंची नावं. पोर ऐकतं, करतं, मग बोलतं. लिहिणं शेवटी. यात अडचणही आहे. एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग आणि वर कागदपत्रं असतील, तर पोरांशी बोलायला वेळ कुठून काढायचा? ग्रामपंचायतीनं आणि शिक्षण खात्यानं याकडे पाहिलं पाहिजे.

पालकांच्या हातात काय आहे? शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. बैठकीत नुसती सही करून येऊ नका. विचारा : तिसरीची किती पोरं मराठी धडा अडखळल्याविना वाचतात? इंग्रजी रोज किती वेळ बोललं जातं?

आणि गाडीला पैसे भरण्याआधी घरीच एक करून पाहा. पोराला इंग्रजी पुस्तकातली चार वाक्यं वाचायला सांगा आणि त्यांचा अर्थ मराठीत विचारा. वाचलं पण अर्थ सांगता आला नाही, तर ते पाठांतर आहे, शिक्षण नव्हे. बियाणं घेताना आपण पिशवीच्या रंगावर जात नाही, उगवण पाहतो. शाळेचीही उगवणच पाहावी.