मिचोआकानची आमरी

मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात, समुद्रसपाटीपासून साधारण २,००० मीटर उंचीवर, खुरट्या ओकच्या फांद्यांवर लेलिया स्पेसिओसा ही आमरी वाढते. मे-जूनमध्ये तिला मोठाली गुलाबी-जांभळी फुलं येतात आणि लोक ती कंदांसकट ओरबाडून बाजारात आणतात. म्हणून बियांपासून रोपं करण्याला मोल आहे. आमरीचं बी धुळीसारखं, पोटात अन्नाचा साठा जवळपास शून्य. रानात त्याला बुरशी पोसते. १९२२ साली लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगार या जेलीवर ते बुरशीविना रुजवून दाखवलं. खरी कसोटी लागते ती रोप अगारच्या बाटलीबाहेर आल्यावर. मुळांना चिकटलेलं अगार कोमट पाण्यात अलगद धुवावं लागतं, नाहीतर कूज लागते. सुरुवातीला रोपाला ओल, सावली आणि खेळती हवा हवी. मोठ्या झाडाचं तंत्र उलटं: भरपूर उजेड आणि हिवाळाभर जवळजवळ कोरडं. कंद जरा सुरकुतले की आपला हात झारीकडे जातोच! तो आवरावा. फुलासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं; घाई असलेल्यांनी झेंडू लावावा. आणि विकत घेताना रोप बाटलीतलं की रानातलं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.